कुमानोची डोंगरवाट

जपानमध्ये ओसाकाच्या दक्षिणेला, किई द्वीपकल्पातल्या डोंगरांत, हजाराहून अधिक वर्षं यात्रेकरू पायी येत आहेत. त्यांच्या वाटांचं जाळं म्हणजे ‘कुमानो कोदो’. होंगू, हायातामा आणि नाची ही इथली तीन मुख्य देवस्थानं. नाचीला १३३ मीटरांवरून कोसळणारा धबधबाच देव मानला जातो. शिंतो देव हे बुद्धांचीच रूपं, ही समजूत इथे खोल रुजली. होंगूच्या देवात भाविकांनी अमिताभ बुद्ध पाहिला.

निवृत्त सम्राट गो-शिराकावा १२व्या शतकात क्योटोहून तीसपेक्षा जास्त वेळा इथे आले. पण मला त्याहून मोठी वाटते ती कुमानोची उदारता: बायकांना इथे मज्जाव नव्हता, मासिक पाळीचा विटाळही मानला जात नसे. याच पर्वतरांगेतल्या ओमिने शिखरावर मात्र बायकांना आजही बंदी आहे.

होंगूचं देऊळ मुळात नदीपात्रातल्या वाळवंटावर होतं. १८८९च्या महापुरात बरंचसं वाहून गेलं. वाचलेल्या इमारती उचलून जवळच्या उंचवट्यावर पुन्हा उभारल्या. जुन्या जागी आता सुमारे ३४ मीटर उंच तोरी, म्हणजे देवस्थानाचं प्रवेशद्वार, आहे. जवळच युनोमिने इथे ‘त्सुबोयु’ नावाचं गरम पाण्याचं कुंड आहे. ओढ्याकाठच्या लाकडी खोपटातलं, जेमतेम दोघं मावतील एवढं. दर्शनाआधी शुद्धीसाठी यात्रेकरू इथे अंघोळ करत. अजूनही नंबर लावून करता येते. २००४ साली युनेस्कोने या वाटा आणि देवस्थानं जागतिक वारसा यादीत घेतली, त्यात हे कुंडही आहे.