उभ्या मोटारीची बॅटरी कां उतरते?

गणिताच्या जुन्या पुस्तकांत हौदाचें एक उदाहरण हमखास असे. एका नळानें हौद भरतो, दुसऱ्यानें रिकामा होतो; तर तो किती तासांत रिता होईल? हें उदाहरण ज्याला सोडवितां येतें, त्याला मोटारीच्या बॅटरीचा रोगहि ओळखतां येईल. रात्रीं गाडी नीट उभी करावी, दोन-तीन दिवसांनीं किल्ली फिरवावी, आणि नुसता 'टक्' असा आवाज व्हावा, हा अनुभव पुष्कळांस आला असेल. घरांत कोणी अत्यवस्थ असतांना, मध्यरात्रीं असें झालें, म्हणजे ती केवळ यंत्राची गोष्ट राहत नाहीं. मग बहुतेक लोक घाईनें नवी बॅटरी आणतात. परंतु गळती जर नळाला असेल, तर हौद बदलून काय उपयोग?

प्रथम हौद कसा आहे तें पाहूं. मोटारीची नेहमींची बॅटरी शिशाचे पत्रे व गंधकाम्ल यांची बनलेली असते. या जातीच्या बॅटरीचा शोध १८५९ सालीं गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें लावला. तींत सहा घरें असून प्रत्येकाचा दाब दोन व्होल्टांहून किंचित् अधिक असतो. पूर्ण भरून कांहीं तास स्वस्थ राहिलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे अर्धी, आणि ११.९ च्या खालीं म्हणजे जवळजवळ रिकामी. ती फार दिवस रिकामी राहिली, तर पत्र्यांवर कठीण स्फटिक बसतात व तिची धारणाशक्ति कायमची घटते. म्हणजे गळती तशीच राहिली, तर नवी बॅटरीहि लवकरच जुनी होते.

आतां गळतीचा हिशेब. उभ्या गाडींतहि घड्याळ, कुलपांचें यंत्र, चोरघंटा व लहान संगणक थोडी वीज घेतच असतात. आधुनिक गाडींत ही मागणी साधारणपणें ५० मिलिअँपिअरच्या आंत असावी. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आणि मागणी ३० मिलिअँपिअर धरली, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास जातील. २१ दिवसांत सुमारें १५, म्हणजे एक तृतीयांश. २५ मार्च २०२० पासून देशांत २१ दिवसांची टाळेबंदी झाली आणि ती पुढें वाढली, तेव्हां निर्दोष गाड्याहि कां निपचित पडल्या, याचें उत्तर या हिशेबांत आहे. उलट, डिकींतला ५ वॅटचा एक दिवा जळत राहिला, तर रोज सुमारें १० अँपिअर-तास जातात. चार-पांच दिवसांत हौद कोरडा!

तपासणी क्रमानें करावी. कांहींशे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर त्यासाठीं पुरे. पहिला संशय बॅटरीवर. ती पूर्ण भरून घ्या, ऋण टोकाची तार सोडून ठेवा, पांच-सहा तासांनीं दाब मोजा व दुसऱ्या दिवशीं पुन्हां मोजा. तार सुटी असूनहि दाब स्पष्टपणें उतरला, तर दोष बॅटरींतच आहे. दुसरा संशय भरणाऱ्या नळावर, म्हणजे अल्टरनेटरवर. इंजिन चालू असतां टोकांवर साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. टोकांवरची पांढरी बुरशीहि आधींच साफ करावी.

हीं दोन्हीं निर्दोष ठरलीं, तर मात्र गळती शोधावयाची. गाडी बंद करा, ऋण टोकाची तार सोडा, आणि टोक व तार यांच्या मध्यें मीटर १० अँपिअरच्या मापावर जोडा. मीटर या मापावर असतांना दोन्हीं टोकांस एकदम कधींहि लावूं नये, आणि तो जोडलेला असतां इंजिनहि सुरू करूं नये. प्रारंभीं आंकडा मोठा दिसेल, घाबरूं नका. संगणक झोपी जाण्यास अर्धा-पाऊण तास लागतो. तोंवर दारें बंद व किल्ली दूर ठेवावी. त्यानंतरहि आंकडा ५० मिलिअँपिअरच्या बराच वर राहिला, तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्याच्या निघण्यानें आंकडा एकाएकीं घसरतो, त्याच वाटेवर चोर आहे. सारे फ्यूज काढूनहि आंकडा उतरला नाहीं, तर अल्टरनेटरच्या आंतील डायोडवर संशय घ्यावा. तें काम मिस्त्र्याचें. गाडी विद्युत् वा संकरित जातीची असेल, तर नारिंगी रंगाच्या तारांना मुळींच हात लावूं नये. आणि कोणत्याहि बॅटरीपाशीं ठिणगी वा ज्योत नेऊं नये. भरतांना तींतून हायड्रोजन वायु निघतो.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या. शेवटीं त्यांच्या शाळकरी नातीनें फ्यूज काढून पाहिले, तेव्हां मागाहून बसविलेला कॅमेराच रात्रभर वीज खातो, असें आढळलें. कॅमेरा, ध्वनिवर्धक, माग दाखविणारें यंत्र, सॉकेटमधील चार्जर, या नंतर जोडलेल्या वस्तूंकडे म्हणूनच प्रथम पाहावें.

तात्पर्य एवढेंच कीं, मोजल्याशिवाय निदान करूं नये, आणि निदानाशिवाय खर्च करूं नये. उत्तर कांहीं वेळां महागड्या बॅटरींत नसून एखाद्या क्षुल्लक दिव्यांत असतें. मोजण्यास लागतो तो वेळ मात्र प्रत्येकाजवळ आहे.