विकिपीडियावर लिहायचंय? थांबा, आधी हे वाचा!

जर्नल उतरवण्यात आपला हात कुणी धरणार नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री एक जर्नल अख्ख्या विंगमध्ये फिरतं आणि सकाळपर्यंत त्याच्या दहा-बारा प्रती तयार असतात, मूळ जर्नलमधल्या चुकांसकट! याच सवयीने आपल्यापैकी कुणी विकिपीडियावर लिहायला बसला की काय होतं? प्रॉस्पेक्टसमधली दोन पानं जशीच्या तशी टाइप होतात, गूगलवरून एक फोटो उचलला जातो, पान प्रकाशित होतं आणि ग्रुपवर लिंक येते. दोन दिवसांनी बघावं तर पानाच्या माथ्यावर 'पानकाढा' असा साचा लागलेला. मग "मराठी माणूसच मराठी माणसाचे पाय ओढतो" या विषयावर मेसमध्ये परिसंवाद!

मित्रांनो, इथे पाय कुणी ओढत नाही. दोन नियम आहेत आणि ते आपल्याला कुणी शिकवलेले नसतात, एवढंच. एक कॉपीराइटचा, ज्याला मराठी विकिपीडियावर 'प्रताधिकार' म्हणतात. दुसरा 'उल्लेखनीयते'चा, म्हणजे नोटेबिलिटी. पहिला विचारतो, हे शब्द कुणाचे? दुसरा विचारतो, या विषयाची दखल तुमच्याआधी कुणी घेतली आहे का? वरवर पाहिलं तर दोघांचं भांडणच वाटतं. एक म्हणतो दुसऱ्याचं उचलू नका, दुसरा म्हणतो दुसऱ्याने लिहिल्याशिवाय तुम्ही लिहू नका. मग लिहायचं तरी काय? उत्तर असं की माहितीला आधार दुसऱ्याचा हवा आणि वाक्यं आपली हवीत. ऐकायला सोपं, करायला व्हायव्हाइतकं अवघड.

आधी कॉपीराइट. आपला कायदा १९५७ चा आहे. तो माहितीला किंवा कल्पनेला कुलूप लावत नाही, ती ज्या शब्दांत मांडली त्या मांडणीला लावतो. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर एक गाजलेला निकाल दिला. 'हम हिंदुस्थानी' या नाटकाच्या लेखकाचं म्हणणं होतं की 'न्यू दिल्ली' हा सिनेमा आपल्या नाटकावरून उचलला. कोर्ट म्हणालं, विषय सारखा असला म्हणून चोरी होत नाही, मांडणी उचलली तर होते. लेखक केस हरला. तेव्हा 'टिपेश्वर अभयारण्य यवतमाळ जिल्ह्यात आहे' ही माहिती कुणाच्या बापाची नाही. पण त्याच टिपेश्वरवर एखाद्या पत्रकाराने चार कॉलम लिहिले असतील, तर ते चार कॉलम त्याचे किंवा त्याच्या पेपरचे. त्यात 'सुंदर' खोडून 'रमणीय' केलं आणि दोन वाक्यं खालीवर केली की ते आपलं झालं असं नाही. जर्नलमध्ये रीडिंग थोडी बदलली तरी सरांना कळतंच ना!

आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना आणखी एक पळवाट सुचते. इंग्रजी पेपरातला लेख घ्यायचा आणि मराठीत करायचा. पण भाषांतराचा हक्कसुद्धा मूळ मालकाकडेच असतो. अपवाद आहे तो इंग्रजी विकिपीडियाचा. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली असतो. तो मराठीत आणायला पूर्ण मोकळीक आहे, फक्त कुठून आणला ते सांगायचं आणि आपलं भाषांतरही त्याच परवान्याखाली मोकळं ठेवायचं.

आता आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण बघा, मला तर हे फारच मजेशीर वाटलं. यवतमाळवर दोन गॅझेटियर आहेत. पहिलं इंग्रजांच्या काळातलं, १९०८ चं. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९०५ मध्ये, 'वून' म्हणजे आपल्या वणीच्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा 'यवतमाळ' झाला होता. दुसरं गॅझेटियर महाराष्ट्र सरकारचं, १९७४ चं. विषय एकच, जिल्हा एकच. पण पहिल्याचा कॉपीराइट कधीच संपला, ते अख्खं उतरवून काढलं तरी कुणी विचारणार नाही. दुसऱ्याचा मात्र जिवंत आहे, कारण सरकारी प्रकाशनाला प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण असतं, म्हणजे २०३४ संपेपर्यंत. सरकारचं आहे म्हणून फुकट, हा आपला समज चुकीचा आहे. अर्थात १९७४ चं गॅझेटियर वाचायला, त्यातली माहिती आपल्या शब्दांत लिहायला आणि खाली संदर्भ द्यायला कसलीच आडकाठी नाही. उलट १९०८ चं उतरवायला मोकळं असलं, तरी त्यातले आकडे जुने आणि दृष्टी साहेबाची. बंजारा समाजाबद्दल त्या काळचे साहेब लोक जे लिहीत, ते आज जसंच्या तसं विकिपीडियावर टाकलं तर कॉपीराइटचा भंग होणार नाही, पण लाज नक्की वाटेल.

पुस्तकांचा हिशोब वेगळा. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून सुरू होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांची पुस्तकं २०११ पासून मोकळी झाली. आता विदर्भात या. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज दोघेही १९६८ मध्ये गेले. दोघांचंही हयातीत छापलेलं लेखन ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत बंद. म्हणजे ग्रामगीतेबद्दल आज हवं तेवढं लिहा, पण अख्खी ग्रामगीता टाकायला २०२९ उजाडू द्या. (तोवर आपण पास आउट झालेलो असू, निदान अशी घरच्यांची अपेक्षा आहे.) १९७३ मध्ये यवतमाळला साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. ते १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या कविता २०३७ अखेरपर्यंत राखीव. आणि हॉस्टेलच्या भिंतीभिंतीवर ज्यांचे शेर सापडतात ते अमरावतीचे सुरेश भट २००३ मध्ये गेले. त्यांच्यासाठी २०६४ ची वाट बघायची आहे. मरणानंतर ६० वर्षं म्हणजे नातवंडं म्हातारी होईपर्यंत हक्क चालतो. ही मुदत फार जास्त आहे असं माझं मत, पण कायदा माझं मत विचारून केलेला नाही.

इथे झेरॉक्सवाले मित्र विचारतील, मग आम्ही रोज पुस्तकं झेरॉक्स करतो ते कसं चालतं? दिल्ली विद्यापीठाजवळच्या एका झेरॉक्स दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी केस केली होती. २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की शिकण्या-शिकवण्यासाठी पुस्तकातल्या भागांच्या प्रती काढणं कायद्यात बसतं. पण ती सवलत वर्गापुरती. विकिपीडिया जगाला सांगतो की इथलं काहीही घ्या, बदला, विकासुद्धा. दुसऱ्याच्या मालाबद्दल असं वचन आपण कसं देणार?

म्हणूनच "प्राचार्य सरांनी परवानगी दिली आहे" हेही पुरत नाही. सरांनी तोंडी 'हो' म्हटलं असेल, पण ते कॉलेजच्या पानापुरतं. विकिपीडियाला लागते ती लेखी आणि सगळ्या जगासाठीची परवानगी, ज्यात व्यापारी वापरही आला. 'फक्त शैक्षणिक वापरासाठी' असा शेरा मारला की ती बाद. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये आपला कोंकणी विश्वकोश असा रीतसर खुला केला, तेव्हा तो मजकूर वापरता आला. मन मोठं असून भागत नाही, कागदही लागतो.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. गूगलवर दिसतो म्हणजे मोकळा आहे असं नाही. स्वतः काढलेला फोटो सर्वात उत्तम. शकुंतला रेल्वे आता धावत नाही, पण यवतमाळ ते मूर्तिजापूर त्या नॅरोगेजच्या खुणा अजून सापडतात. मोबाइल काढा, फोटो घ्या, विकिमीडिया कॉमन्सवर चढवा, मालक तुम्हीच. चौकातल्या पुतळ्याचा फोटो चालतो, कारण सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला कायद्यानेच मोकळीक दिली आहे. त्याच चौकातल्या फ्लेक्सचा मात्र चालत नाही. फ्लेक्स शिल्प नाही आणि कायमचाही नाही (देवाची कृपा!).

आता उल्लेखनीयता. इथे सगळ्यात जास्त मनं दुखावतात, कारण आपण या शब्दाचा अर्थ 'थोर' असा घेतो. तसं नाही. विषयापासून अलिप्त असलेल्या, विश्वासार्ह अशा निरनिराळ्या ठिकाणी त्यावर सविस्तर लिहून आलं आहे का, एवढाच प्रश्न आहे. त्यामुळे वाईट माणूसही उल्लेखनीय असू शकतो आणि अतिशय चांगला माणूस नसूही शकतो. पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, त्यांच्यावर लेख असणारच. साधा आमदार असला तरी सहसा असतो. कॉलेजचा जीएस कितीही लोकप्रिय असला तरी नाही. गंमत म्हणजे सरकारदरबारी नोंद असलेलं तीनशे वस्तीचं गावही साधारणपणे लेखाला पात्र ठरतं, पण आपलं झगमगाटी गॅदरिंग ठरत नाही!

खरी मेख आहे 'अलिप्त' या शब्दात. कॉलेजची वेबसाइट कॉलेजबद्दल अलिप्त नाही. वाढदिवसाच्या पानभर शुभेच्छा छापून आल्या तर ती जाहिरात आहे. संस्थेने पाठवलेली प्रेसनोट पेपरने जशीच्या तशी छापली तर ती बातमी दिसते, पण बोलणारी संस्थाच असते. एकच प्रेसनोट पाच पेपरांत आली तरी तो एकच आवाज धरायचा. हो, आणि हे नियतकालिकसुद्धा आपल्या कॉलेजबद्दल अलिप्त नाही, तेव्हा माझा हा लेख संदर्भ म्हणून देऊ नका. याउलट २०१९ चं यवतमाळचं साहित्य संमेलन घ्या. अध्यक्ष अरुणा ढेरे, नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावरून झालेला वाद, त्यावर राज्यभर आणि राज्याबाहेर लिहून आलं. तिथे संदर्भांची टंचाई नाही.

टंचाई आहे ती वेगळ्याच ठिकाणी, आणि ही गोष्ट मला खरंच खटकते. आपल्या केळापूर, झरी जामणी, मारेगाव भागात कोलाम लोक राहतात. त्यांची कोलामी भाषा द्राविडी कुळातली. तिच्यावर एम. बी. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचं १९५५ चं पुस्तक आहे, छापलं कॅलिफोर्निया विद्यापीठाने! म्हणजे कोलामीतला एखादा शब्द लिहायचा तर कॅलिफोर्नियाचं पुस्तक चालतं आणि झरीतली कोलाम आजी, जी जन्मभर तीच भाषा बोलली, ती 'संदर्भ' होत नाही. तांड्यावरच्या गोरमाटी गाण्यांचं तेच, पोडावरच्या गोष्टींचं तेच. नियम सगळ्यांना सारखा आहे, पण ज्यांच्यावर आधीच भरपूर छापलं गेलं त्यांना तो सोपा जातो आणि ज्यांच्याकडे कुणी फिरकलंच नाही त्यांना जड.

तरीही नियम मोडून काढावा असं मी म्हणणार नाही. आजीला संदर्भ मानलं तर उद्या 'माझ्या काकांनी सांगितलं' म्हणून कुणीही काहीही लिहील आणि ते खरं की खोटं, हे पुण्यात किंवा न्यू जर्सीत बसलेला वाचक कसं तपासणार? मार्ग एकच, आधी ते दुसरीकडे छापून यायला हवं. एनएसएसच्या कॅम्पला आपण दरवर्षी खेड्यात जातो, झाडं लावतो, फोटो काढतो आणि परत येतो. त्याऐवजी त्या गावातल्या जुन्या लोकांचं ऐकून, त्यांना विचारून ते नीट टिपून घेतलं आणि मराठीच्या किंवा समाजशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकांच्या मदतीने अभ्यासपत्रिकेत छापून आणलं, तर पुढचा कुणीतरी विकिपीडियावर त्याचा आधार घेऊ शकेल. यात वेळ जातो, क्रेडिट पॉइंट मिळत नाहीत. सर-मॅडमनी मनावर घेतलं तर मिळूही शकतील, म्हणून हे मुद्दाम इथे लिहितो.

ज्यांना आज रात्रीच सुरुवात करायची आहे त्यांनी नवीन पान काढायच्या भानगडीत पडू नये. आपल्या तालुक्याचं किंवा गावाचं पान उघडा. बहुतेक ठिकाणी चार ओळी असतात, त्याही बिनसंदर्भाच्या. लायब्ररीतून १९७४ चं गॅझेटियर किंवा जनगणनेचं पुस्तक काढा, दोन परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा आणि मग लिहा. पुस्तक मिटल्यावर आपोआप आपलेच शब्द येतात. आधी 'धूळपाटी'वर सराव करा, अडलं तर 'चावडी'वर विचारा, तिथे जुने सदस्य उत्तर देतात. आणि तरीही पानाला 'पानकाढा' लागलाच, तर साचा खोडून भांडत बसू नका. चर्चा पानावर जाऊन शांतपणे दोन चांगले संदर्भ द्या. पान उडालं असलं तरी प्रचालकांना ते परत आणता येतं.