तालुका मोठा की तहसील?

पुण्या-साताऱ्याकडे ‘आमचा तालुका’ म्हणतात, नागपूर-भंडाऱ्याकडे ‘आमची तहसील’. त्यामुळे हे दोन वेगळे भाग असून त्यांतला एक मोठा आणि एक लहान, अशी अनेकांची ठाम समजूत असते. मोठा कोणता, हे मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतं!

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये क्रम विभाग, जिल्हा, उपविभाग, तालुका, मंडळ, साझा असा आहे. तालुक्याचा अधिकारी तहसीलदार. पण तहसील नावाचा निराळा भाग त्यात नाही. नागपूरकडचा मुलूख १९५६पर्यंत मध्य प्रदेशात होता. तिथला सरकारी शब्द तहसील, तोच बोलण्यात राहिला. (अमरावती-अकोल्याचं वऱ्हाड निजामाकडून आलेलं, तिथे पूर्वीपासून तालुकाच.) जुन्या मुंबई इलाख्यात तालुक्यावर मामलेदार असे. ठाण्याची मामलेदार मिसळ त्याच्याच कचेरीशेजारची. गोव्यात तर हे पद आजही आहे.

तालुके इंग्रजांनी पाडले, असंही ऐकू येतं. हद्दी त्यांनी बदलल्या, नकाशे केले. शब्द मात्र त्यांच्या आधीचे, फारसी दफ्तरांतून आलेले आणि मुळात अरबी. ‘तअल्लुक’ म्हणजे संबंध, ताबा. ‘तहसील’ म्हणजे वसुली. महसूल आणि हासिल हे त्याच धातूचे. म्हणजे ही नावं आधी जमिनीच्या तुकड्याची नव्हतीच. सारा कोणाच्या ताब्यातला आणि तो गोळा कोण करतो, एवढंच ती सांगत. अवधमध्ये तालुका म्हणजे चक्क जमीनदारी आणि तालुकदार म्हणजे तिचा धनी. १८५७च्या इतिहासात लखनौकडचे तालुकदार भेटले की त्यांना तहसीलदार समजू नये. ते सरकारी नोकर नव्हते, बरेच जण तर सरकारशी लढत होते.

‘महाल’ची गत याहून गमतीची. गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यात पाच राजवाडे शोधणाऱ्याची निराशा होईल. गोध्रा, दाहोद, हालोल, कालोल आणि झालोद हे शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेलेले पाच महसुली महाल. आपल्याकडेही तालुक्याहून लहान भागाला महाल किंवा पेटा म्हणत आणि त्यावर महालकरी असे.

तालुक्याचं मुख्यालय त्याच नावाच्या गावात असतंच, हाही भ्रमच. मावळचं मुख्यालय वडगाव, मुळशीचं पौड, बार्देशचं म्हापसा.

आणि तालुक्याचा सगळा कारभार तहसीलदाराकडे, ही समजूत तर माणसाला फुकट हेलपाटे घालायला लावते. महसूल त्याच्याकडे, पंचायत समिती १९६१च्या वेगळ्या कायद्याने चालते आणि तिथला अधिकारी गटविकास अधिकारी. फेरफाराची तक्रार असेल तर तहसील कार्यालय, घरकुलाचा अर्ज असेल तर पंचायत समिती.