घोडा उंच नको, रुंद हवा

वजन जास्त आणि उंची कमी असेल, तर उंच घोड्याच्या मागे लागू नका. चढतानाच दमछाक होते. स्कॉटलंडचा हायलँड पोनी किंवा नॉर्वेचा फ्योर्ड पाहा. खांद्यापाशी साधारण 14 हँड, म्हणजे 56 इंच. पण हाड जाड, कंबर आखूड आणि रुंद. (पोट मात्र पिंपासारखे नको, आखूड मांड्यांना पकड मिळत नाही.)

2008 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंतचा भार घोड्यांनी पेलला. 25 आणि 30 टक्क्यांना स्नायूंचा दुखरेपणा वाढला, रुंद कमरेच्या घोड्यांत तो कमी. म्हणजे 20 टक्क्यांच्या हिशेबाने 500 किलोच्या घोड्यावर खोगिरासह 100 किलो.

जातीपेक्षा स्वभाव आधी तपासा. चौथऱ्यावरून चढून तुम्ही नीट बसेपर्यंत जो ढिम्म उभा राहतो, तोच घ्या.