कन्सोलआधीची तालीम

सकाळी ६. रंकाळा तलावाची फेरी उरकली की चहाबरोबर रुग्णाचा सीटी स्कॅन बघते. आज डाव्या मूत्रपिंडातली गाठ रोबोच्या मदतीने काढायची आहे, बाकीचं मूत्रपिंड राखून. सीटीचे काप पायांकडून पाहिल्यासारखे असतात, त्यामुळे रुग्णाची डावी बाजू पडद्यावर उजवीकडे. त्यात सीटीत रुग्ण उताणा, शस्त्रक्रियेच्या टेबलावर उजव्या कुशीवर. म्हणजे सगळं चित्र मनात वळवायचं. शेपर्ड आणि मेट्झलर यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की आकृती मनात जितकी जास्त फिरवावी, तितका ओळखायला वेळ लागतो. तो वेळ मी घरीच खर्च करते. वहीत शीर पुढे, धमनी तिच्यामागे, गाठ खालच्या टोकाला.

८.३०. राउंड. रुग्णाच्या आई विचारतात, "डॉक्टर, समदं मशीनच करतंय व्हय?"
"नाही मावशी, ते आपल्या मनानं तसूभरही हलत नाही."

१०. रोबो चालवायच्या कन्सोलवर सर, मी रुग्णाजवळ. पोटात गॅस भरल्यावरच पोर्टच्या, म्हणजे अवजारं आत घालायच्या छिद्रांच्या, खुणा करायच्या, कारण फुगलेल्या पोटावर अंतरं बदलतात. पोर्ट जवळजवळ पडले तर बाहेर रोबोचे हात एकमेकांवर आदळतात. दुर्बिणीच्या साध्या शस्त्रक्रियेत हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. रोबो ते सरळ करून देतो, हाताचं कापरंही गाळतो. म्हणून लोकांना वाटतं, काम सोपं झालं. पण बहुतेक यंत्रांत स्पर्श कळत नाही. टाक्याचा ताण किती, हे ऊती पांढरी पडतेय का, यावरून डोळ्यांनीच ओळखायचं. धमनीला चिमटा लागला, मूत्रपिंडाचं रक्त थांबलं, की घड्याळ सुरू. शक्यतो २५-३० मिनिटांत टाके पूर्ण हवेत. तेव्हा 'धमनी कुठाय' हा प्रश्न परवडत नाही.

२. जेवण. उभ्यानंच.

४. सिम्युलेटर. वाकड्यातिकड्या तारेवरून तारेला धक्का न लावता कडी न्यायची, पायाने पेडल दाबून कॅमेरा सरकवायचा, क्लच दाबून हात पुन्हा सोयीच्या जागी आणायचे. शेवटी गुण मिळतात, आणि मोठमोठे डॉक्टर शाळकरी पोरांसारखे भांडतात. मी वेळेचे गुण बघत नाही, अवजार नजरेआड किती वेळा गेलं तेवढंच बघते. हळू हात चालेल. पडद्याबाहेरचं टोक आतडं भोसकू शकतं.

रात्री ९. सकाळच्या शस्त्रक्रियेचा व्हिडिओ. मध्येच थांबवून, आता दिसतंय त्याच्यामागे काय, ते वहीत काढायचं. मग पुढे चालवून ताडायचं. उद्याची गाठ उजवीकडची आहे. तिथे शीर आखूड, महाशीर अगदी शेजारी, आणि यकृत उचलून धरायला एक पोर्ट जास्त लागेल. वहीचं नवं पान.