कॉफीचे दाणे कोणाकडून घ्यावेत?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पुण्यांत कॉफीचें छोटेंसें दुकान घातलें आहे. त्यांत माझ्या निवृत्तिवेतनांतली शिल्लकही गुंतली असल्यामुळें पहिला व्यापारी मींच, नमुना चाखून, ठरविला. नमुना उत्तम होता; तिसऱ्या पोत्यांत मात्र काळे, फुटके दाणे निघाले, आणि नेहमींचीं गिऱ्हाइकें दिसेनाशीं झालीं.

दोष माझ्या अज्ञानाचाही होता. 'प्लँटेशन ए' हें भारदस्त नांव वाचून मी भुललों. 'प्लँटेशन' म्हणजे धुतलेली अरेबिका, आणि 'ए' हें अक्षर मुख्यतः दाण्याचा आकार सांगतें. चव सांगत नाहीं. ('चेरी' म्हणजे फळासकट वाळविलेली.) चिकमगळूर-कोडगूकडे अरेबिकाची तोडणी बहुधा नोव्हेंबर ते जानेवारींत होते, तेव्हां माल कोणत्या हंगामाचा, हें प्रथम विचारावें. भावाचाही हिशेब नीट करावा. कच्चा एक किलो दाणा भाजल्यावर सुमारें ८५० ग्रॅमच भरतो, आणि भाजलेल्या मालाचा सुवास कांहीं आठवड्यांतच उतरतो.

आतां मंजूर नमुन्यांतील मूठभर कच्चे दाणे आम्ही बंद डब्यांत ठेवतों. नवें पोतें आलें कीं तळाशीं हात घालून १०० ग्रॅम काढतों, आणि दोन्ही शेजारीं-शेजारीं पांढऱ्या कागदावर पसरतों. पैसे त्यानंतर.