डि'सोझांचं आडनाव आणि क्वेरीतलं प्रश्नचिन्ह

बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत किंवा अंधेरीच्या आंबोलीत डि'सोझा, डि'मेलो, डि'सिल्वा ही आडनावं घरोघरी आहेत. एखाद्या दवाखान्याच्या किंवा हाउसिंग सोसायटीच्या सॉफ्टवेअरमध्ये यांतलं एखादं आडनाव शोधायला टाकलं की पडद्यावर एरर येते. नाईक, शाह, पटेल यांची नोंद मात्र बिनबोभाट सापडते.

याचं मूळ प्रोग्रामरने क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, कशी लिहिली आहे यात असतं. 'सिलेक्ट फ्रॉम सभासद, व्हेअर आडनाव बरोबर' अशा मजकुरापुढे उघडणारं अवतरणचिन्ह, मग खिडकीवरच्या माणसाने टाइप केलेलं नाव, मग बंद करणारं अवतरणचिन्ह, असे तुकडे जोडून ती तयार केलेली असते. डि'सोझामधलं मधलं चिन्ह डेटाबेसला नाव संपल्याची खूण वाटतं. त्याच्या लेखी 'डि' एवढंच आडनाव, आणि पुढचं 'सोझा' हा हुकमाचा भाग. असा हुकूम त्याला ठाऊक नसतो, म्हणून तो अडतो. डि'सोझांच्या जागी कोणी जाणूनबुजून नीट जुळणारा हुकूम लिहिला, तर डेटाबेस अडणार नाही. तो हुकूम पाळेल. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

हा धोका जुना झाला, असं अनेकांना वाटतं. डिसेंबर 1998मध्ये जेफ फॉरिस्टल यांनी 'फ्रॅक' या नियतकालिकात तो प्रथम जाहीरपणे मांडला, हे खरं. पण 2015मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीच्या 1,56,959 ग्राहकांची माहिती याच वाटेने बाहेर गेली आणि पुढच्या वर्षी कंपनीला 4 लाख पौंड दंड झाला. 2023मध्ये फायली पाठवण्याच्या 'मूव्हइट' या सॉफ्टवेअरमधल्या अशाच भोकातून जगभरच्या संस्थांचा डेटा चोरीला गेला. भारतात 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्याला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे.

'अवतरणचिन्हं दुहेरी करून टाकली की काम झालं,' हा या क्षेत्रातला सर्वांत चिवट गैरसमज. डि'सोझांपुरता तो उपाय चालतो. पण फ्लॅट क्रमांक किंवा खातेक्रमांक आकडा असेल तर क्वेरीत त्याभोवती अवतरणचिन्ह नसतंच. तिथे 12च्या पुढे 'किंवा 1 बरोबर 1' असं लिहिलं की अट प्रत्येक ओळीला लागू होते आणि सगळ्या सोसायटीची यादी समोर येते. दुहेरी करायला चिन्हच नाही, तर करणार काय?

यावरचा खरा उपाय म्हणजे पॅरामीटर वापरणं. अशा क्वेरीत नावाच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा तसंच एखादं प्लेसहोल्डर असतं. बऱ्याच जणांची समजूत अशी की डेटाबेस नंतर त्या जागी नाव चिकटवतो आणि मग वाक्य वाचतो. प्रत्यक्षात वाक्य आणि किंमत वेगवेगळे पोचतात. वाक्याचं व्याकरण प्रश्नचिन्हासकट आधी तपासलं जातं, अर्थ पक्का होतो. नंतर आलेलं नाव फक्त किंमत म्हणून वापरलं जातं. त्यात कितीही चिन्हं असोत, हुकूम व्हायची वेळ टळून गेलेली असते. एक सावधगिरी मात्र हवी: पीएचपीच्या पीडीओमध्ये मायएसक्यूएलसाठी हे वेगळेपण मुळात चालू नसतं, ग्राहकबाजूलाच मजकूर जोडला जातो. ते सेटिंग स्वतः बदलावं लागतं.

पॅरामीटरने क्वेरी मंदावते, ही तक्रारही सीप्झपासून पवईपर्यंतच्या ऑफिसांत ऐकू येते. बहुतेक वेळा उलट घडतं. प्रत्येक आडनावासाठी मजकूर वेगळा असेल तर ओरॅकलला प्रत्येक वेळी तो नव्याने तपासून कसा चालवायचा याचा नवा प्लॅन करावा लागतो; मजकूर एकच असेल तर तयार प्लॅन पुन्हा वापरता येतो. तक्रारीत तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. समजा, एका कुरियर कंपनीच्या टेबलात बोरिवली पश्चिमेच्या 400092 या पिनकोडच्या लाखो नोंदी आहेत आणि सीप्झच्या 400096च्या मोजक्याच. मोजक्या नोंदींसाठी इंडेक्स उत्तम, लाखोंसाठी सरळ सगळं टेबल वाचलेलं बरं. एसक्यूएल सर्व्हर पहिल्यांदा आलेली किंमत पाहून प्लॅन ठरवतो आणि तोच पुढे चालवतो. पहिली विचारणा सीप्झची आली तर बोरिवलीचं काम रखडतं. पोस्टग्रेस पहिल्या पाच वेळा प्रत्येक किमतीसाठी वेगळा प्लॅन करतो आणि मग सर्वसाधारण प्लॅन परवडतो का ते ताडून पाहतो. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावरचा इलाज त्या एका क्वेरीपुरता नवा प्लॅन मागणं हा आहे. पॅरामीटर काढून टाकणं हा नव्हे.

वेग जाण्याचं दुसरं कारण सहसा नजरेत येत नाही. मोबाइल क्रमांकाचा कॉलम व्हारचार आणि कोडमधून येणारा पॅरामीटर एनव्हारचार असेल, तर एसक्यूएल सर्व्हर पॅरामीटरऐवजी कॉलम बदलायला घेतो आणि चांगला इंडेक्स वाया जाऊ शकतो. डॉटनेटमध्ये 'अ‍ॅडविथव्हॅल्यू' वापरणाऱ्यांनी पॅरामीटरचा प्रकार स्वतः लिहावा तो यासाठी.

कोडवरून क्वेरी स्वतः तयार करणारं ओआरएम वापरलं की सगळं आपोआप सुरक्षित, हेही अर्धसत्य. त्यात कच्ची क्वेरी लिहायची सोय असतेच. शिवाय टेबलाचं नाव, कॉलमचं नाव किंवा यादी चढती की उतरती, हे पॅरामीटर म्हणून देताच येत नाही. तिथे मान्य नावांची यादी कोडमध्ये ठेवून तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं.

खरी कार्यक्षमता मात्र फेऱ्या वाचवण्यात आहे. मुलुंडची एखादी पतपेढी 10,000 खात्यांचं व्याज काढताना लूपमध्ये प्रत्येक खात्यासाठी एक क्वेरी पाठवत असेल, तर ती कितीही निर्दोष असो, जाण्यायेण्याचा 1 मिलिसेकंद धरला तरी 10 सेकंद नुसते प्रवासात जातात. सगळे क्रमांक एकाच क्वेरीत घालायचे म्हटलं तर एसक्यूएल सर्व्हरची मर्यादा साधारण 2,100 पॅरामीटरची. त्यापेक्षा क्रमांक तात्पुरत्या टेबलात भरून एकच जोडणी करणं किंवा पोस्टग्रेसला अख्खा अ‍ॅरे एकाच पॅरामीटरमधून देणं सोपं पडतं.

नेमक्या याच प्रश्नावर पवईच्या आयआयटी मुंबईत काम झालं आहे. रवींद्र गुरवण्णवर आणि 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक एस. सुदर्शन यांनी 2008च्या व्हीएलडीबी परिषदेत एक शोधनिबंध मांडला. लूपमध्ये वारंवार चालणारी पॅरामीटरची क्वेरी, प्रोग्रामचा अर्थ न बदलता, सगळ्या किमतींसाठी एकदाच चालवता यावी म्हणून मूळ कोडच कसा फिरवून लिहावा, याचे नियम त्यात आहेत. लूपमधल्या एका फेरीचं उत्तर पुढच्या फेरीला लागत असेल तर ते कुठवर जमतं आणि कुठे जमत नाही, याचाही विचार त्यात आहे. पुढे याच गटाने 'डीब्रिज' नावाचं साधन बनवलं. जावामध्ये जेडीबीसीने लिहिलेला प्रोग्राम वाचून हा बदल ते आपण होऊन करतं.